मलकापूरची आठ पत्रं

१

कुंदाची पेटी उघडली तेव्हा तिच्यात वडिलांचं एकही पत्र नव्हतं.

पेटी मलकापूरहून एस.टी.च्या टपावरून आली होती, कुंदा जाऊन महिना झाल्यावर. यज्ञेश्वर पुराणिक मास्तरांनी ती माजघरात ठेवून घेतली आणि दोन दिवस तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या विधवा बहिणीनं, अक्कानं, कडी काढली. आत चार साड्या, एक स्वेटर, जुन्या मऊ कापडाची शिवलेली सहा झबली आणि घडी घातलेलं वहीचं एक पान होतं. पान मास्तरांनी वाचलं.

“बाबा, मी एकच पत्र लिहिलं होतं. तुम्ही ये म्हणालात तर येईन, उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. अडीच महिने झाले. आता विचारणार नाही. हे पत्र मी टाकणार नाही, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.”

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग अक्काला म्हणाले, “हिला माझं एकही पत्र मिळालं नाही.”

मास्तर गणिताचे. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. कुंदा त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, अक्कानं तिला वाढवलं. अडीच वर्षांपूर्वी तिनं वसंत पोवारशी लग्न केलं. वसंत मलकापूरच्या दूध संकलन केंद्रावर कामाला होता. जात वेगळी. मास्तरांनी जावयाला दारातच सांगितलं होतं, की पुन्हा या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. वसंत म्हणाला होता, “तुमीबी माझ्या लावू नका.”

त्यानंतर दोन वर्षं काही नाही. त्र्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये कुंदाचं पत्र आलं. दिवस गेले होते. बाळंतपणाला माहेरी येऊ का, असं विचारलं होतं. खाली लिहिलं होतं, “तुम्ही इकडे येऊ नका. झालेला अपमान हे अजून विसरले नाहीत. तुमचं पत्र आलं की ते यांना दाखवून मी एस.टी.नं येईन.”

मास्तरांनी त्याच दिवशी उत्तर टाकलं. नंतर अकरा आठवड्यांत आणखी सात पत्रं टाकली. एकालाही उत्तर आलं नाही. नवरा लिहू देत नसेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली. तिनं येऊ नका म्हटलं होतं म्हणून गेले नाहीत. नोव्हेंबरात बाळंतपणात कुंदा गेली. मूलही गेलं. तार पोचली तेव्हा मलकापुरात सगळं उरकलेलं होतं.

पेटी उघडली त्याच संध्याकाळी मास्तर टेबलाशी बसले आणि त्यांनी टपाल खात्याकडे तक्रार लिहिली. आठ पत्रं चोरीला गेली आहेत, चोर शोधून काढावा.

२

तक्रार चौकशीला आली ती आकाराम चौगुले या निरीक्षकाकडे. आकाराम शिरोळकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकला, टपाल खात्यात लागला आणि पंधरा वर्षांत निरीक्षक झाला. तक्रारीवरचं नाव वाचून तो खुर्चीत जरा सरसावून बसला. याच मास्तरांच्या हाताखाली तो अकरावीला गणितात सुटला होता.

मास्तरांच्या घरी तो गेला तेव्हा सवयीनं उभाच राहिला. मास्तरांनी बस म्हटल्यावर बसला. अक्का चहा घेऊन आल्या. भिंतीवर एका कागदाच्या दुकानाची दिनदर्शिका उलटी टांगलेली होती, मागचं पान पुढं करून. त्यावर बारीक अक्षरात गावांची यादी होती.

अक्का म्हणाल्या, “हे असं टांगून ठेवलंय यानं. तिथी बघायची तर मला पान उचलून मागं डोकवावं लागतं.”

“पत्ते लागतात मला,” मास्तर म्हणाले.

आकारामनं विचारायला सुरुवात केली. “पत्रं कार्डं होती का पाकिटं?”

“पाकिटं. कार्ड कोणीही वाचतं.”

“रजिस्टर का न्हाई केली, सर?”

“रजिस्टरला सही लागते. दारात सासू असते. तिच्या हातात माझं नाव पडावं असं मला वाटत नव्हतं. त्याच कारणानं पाकिटावर पाठवणाऱ्याचं नावही घातलं नाही.”

“आणि पत्ता?”

“पूर्ण. नवीन पिन कोडसकट,” मास्तर म्हणाले. पिन कोड सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि शंभरातले नव्वद लोक तो लिहीत नसत. “पत्त्यात चूक नाही, आकाराम. आठही वेळा मी तो नीट लिहिला.”

आकारामनं वहीत लिहिलं, पत्ता पूर्ण. हे शब्द त्याला नंतर फार दिवस छळणार होते. पण समोर पुराणिक मास्तर होते. त्यांना फळ्यावरचं उदाहरण पुन्हा तपासा असं त्या वर्गात कधी कोणी म्हटलं नव्हतं.

निघताना मास्तर दारापर्यंत आले. “मी पत्रं पेटीत टाकली. पेटीपासून तिच्या हातापर्यंत मधे माणसं किती असतील? पाच? सहा? त्यांतला एक चोर आहे. तो मला पाहायचाय.”

३

मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्याचं, आंबा घाटाच्या अलीकडचं, रत्नागिरी रस्त्यावरचं गाव. वसंत पोवारचं घर बाजाराच्या गल्लीत, पोस्टापासून शंभर पावलांवर. वसंत सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. तिशीचा माणूस, पण दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्याची आई शालूबाई चुलीपाशी होती.

आकारामनं तक्रार वाचून दाखवली. वसंत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “म्हातारा खोटं बोलतोय.”

“कशावरनं?”

“थांबा.” वसंत आत जाऊन एक पोस्टकार्ड घेऊन आला. “ही बघा. हिच्या आत्याचं कार्ड. सप्टेंबरात आलंय. पोस्ट चालू हुतं म्हणूनच आलं न्हवं? मग आत्याचं येतंय आणि बापाचंच कसं वाटंत हरवतंय? एक न्हाई, दोन न्हाई, आठ?”

कार्ड अक्कांच्या हातचं होतं. मोठी, वाकडी अक्षरं. ‘चि. कुंदास आशीर्वाद. तब्येतीला जप. जड उचलू नको. इकडे पाऊस चांगला आहे.’ बाकी काही नाही. पत्त्याच्या बाजूला शाई पसरली होती आणि गावाचं नाव दोनदा खोडून लिहिलं होतं. ‘मु. पो. मलकापूर, आंब्याच्या वाटेवरचं, तालुका शाहूवाडी, जिल्हा कोल्हापूर.’ शिक्के पाहिले तर कार्ड दुसऱ्याच दिवशी पोचलं होतं.

“हे कार्ड आलं त्या दिवशी ती जेवली न्हाई,” वसंत म्हणाला. “म्हटली, बाबांनी लिवलं असतं तर आत्यानं त्यात घातलंच असतं की. तवापास्नं तिनं वाट बघायची सोडली.”

आकारामनं कार्ड परत दिलं. एक तर हा माणूस खरं बोलत होता, किंवा पत्रं यानंच दडवली होती आणि कार्ड मुद्दाम जपून ठेवलं होतं. दोन्ही बसत होतं.

तो निघाला तेव्हा शालूबाई दाराआडून बाहेर आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “पावणं, केरबाला इचारा. आमच्या गल्लीचा पोस्टमन. त्याच्या घरात लोकांची पत्रं हायत. मी डोळ्यानं बघितल्यात.”

४

केरबा पन्नाशीचा, उजव्या पायानं अधू. झडती घ्यायची म्हटल्यावर त्यानं अडवलं नाही. स्वतःच फळीवरचा पत्र्याचा डबा काढून आकारामपुढं ठेवला. आत सहा पत्रं होती. सहाही फोडलेली नव्हती.

“ही का ठेवलीस?”

“वरच्या वाड्यांची हायत, साहेब. पाऊसकाळात पाय चालत न्हाई माझा. म्हटलं बाजारच्या दिशी माणसं खाली येत्यात तवा देऊ. ऱ्हाऊन गेली.”

“किती दिवस?”

केरबानं डब्याचं झाकण पुन्हा बसवलं.

“आणि मास्तरांची आठ?”

“ती माझ्या हातात आलीच न्हाईत. आईची आण.”

सहांपैकी एकही मास्तरांचं नव्हतं. पण ज्याच्या डब्यात सहा सापडली, त्यानं आठ जाळली नसतील कशावरून? आकारामनं पहिला अहवाल लिहिला आणि केरबा निलंबित झाला. जबाबासाठी त्याला कोल्हापूरला बोलावलं. मास्तरांना कुणीतरी कळवलं असावं. ते कचेरीत आले, आणि सगळे कारकून ऐकत असताना केरबापुढं उभे राहिले. आवाज चढवला नाही.

“माझी मुलगी तू मारलीस,” एवढंच म्हणाले.

केरबा टोपी हातात घेऊन खाली बघत उभा होता. मास्तर गेल्यावर त्यानं आकारामला विचारलं, “मास्तरांची लेक म्हंजी ती पोवारांची सून न्हवं? हिरवं लुगडं नेसून दारात बसायची ती?”

“व्हय.”

“रोज इचारायची, केरबा, माझं काही हाय का. मी न्हाई म्हणायचो. नसायचंच.”

त्याच्या बोलण्यात काहीतरी होतं, आणि आकारामचा पहिला अहवाल तिथं हलला. दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागेना.

५

तो पुन्हा मुळापासून मोजू लागला.

केरबानं डब्यात ठेवलेली सहाही पत्रं डोंगरावरच्या वाड्यांची होती. कारण पाय. वसंतचं घर पोस्टापासून शंभर पावलांवर. तिथली पत्रं ठेवून केरबाला काय मिळणार? शिवाय अक्कांचं कार्ड त्यानंच त्याच दिवशी दिलं होतं.

मग शालूबाई? टपाल दहा वाजता येतं, वसंत तेव्हा केंद्रावर असतो. पण शालूबाईंना वाचता येत नव्हतं. बापाचं पाकीट कुठलं आणि आत्याचं कार्ड कुठलं हे त्यांना कळायचं कसं? आणि कुंदा स्वतः रोज दारात बसत होती. तिच्या डोळ्यांदेखत आठ पाकिटं वळवणं ना सासूला शक्य होतं ना नवऱ्याला.

उरली एक शक्यता. मास्तरांनी पत्रं लिहिलीच नव्हती. मुलगी गेल्यावर ते स्वतःशीच खोटं बोलत होते.

हे विचारायलाच आकाराम पुन्हा मास्तरांच्या घरी गेला. त्याला विचारावं लागलंच नाही. मास्तरांनी आपणहून एक वही पुढं केली. कुठलंही पत्र ते आधी वहीत लिहून मग पाकिटात घालायच्या कागदावर उतरवत. आठही मजकूर तारखांसह तिथं होते. आकारामनं तिसरं वाचलं.

“कुंदे, तू ये. एकटी ये किंवा त्यांना घेऊन ये. दारात मी जे बोललो ते चुकलं, आणि ते मी त्यांच्यासमोर म्हणायला तयार आहे. अक्कानं डिंक आणून ठेवलाय.”

खोडाखोड चार ठिकाणी होती. ‘चुकलं’ हा शब्द तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिला होता. असली वही कोणी नंतर बनवत नाही. पत्रं लिहिली होती. पेटीत पडली होती. मलकापूरच्या पोस्टात आली नव्हती. म्हणजे ती मधेच कुठंतरी गेली होती, आणि मधे फक्त एकच जागा होती.

६

टपालाच्या सॉर्टिंगची खोली लांबट, अंधारी. भिंतीभर लाकडी कप्पे आणि त्यांच्यापुढं स्टुलांवर बसलेली माणसं. ज्ञानू त्यांतला सगळ्यात जुना. आकाराम नवीन होता तेव्हा त्याच्याच शेजारी बसून काम शिकला होता.

“मास्तरांची पाकिटं?” ज्ञानू हात न थांबवता म्हणाला. “आठवत्यात की. अक्षर कसं, छापल्यासारखं. सहा आकडे असे ओळीत मांडलेले, की लांबनं दिसावेत. असलं पाकीट हाताला लागलं की बरं वाटायचं.”

“का?”

“वाचावं लागत न्हाई. पयलं कसं हुतं, तुमाला ठावं हाय. गाव वाचायचं, तालुका वाचायचा, लिवणाऱ्याच्या डोक्यात काय हाय त्ये हुडकायचं. आता साहेब म्हणत्यात नाव बघू नगा, आकडा बघा. पयला आकडा कुठला मुलूख, दुसरा त्यातला कुठला भाग, तिसरा कुठलं मोठं केंद्र. तीन आकडे बघितले की पाकीट कप्प्यात. मघा एकानं चित्र दाखवलं, परदेशात म्हणं पाकिटावर बारीक रेघा छापत्यात. जाड, बारीक, जाड, बारीक. मशीन त्या रेघा वाचतंय आणि पत्र आपसूक कप्प्यात टाकतंय. माणूसच नगो. तासाला कितीतरी हजार.”

“आणि अक्कांचं कार्ड आलं असेल तर? शाई फुटलेलं, आकडा नसलेलं?”

“त्ये थांबून वाचावं लागतंय. आंब्याच्या वाटंवरचं म्हणून लिवणारी ती म्हातारी व्हय? तिची कार्डं आमी एकमेकाला दाखवून हसतो. पर जातंय बरोबर. आपलंच मलकापूर.”

आकाराम कप्प्यांकडे बघत होता. “आपलंच म्हणजे?”

आता ज्ञानूचे हात थांबले. “म्हंजी काय, साहेब? मलकापुरं काय एक हाय का? एक आपलं, एक कऱ्हाडाजवळ, एक तिकडं बुलढाण्याला रेल्वेच्या रस्त्यावर. तुमीच तर पाठ केलतं माझ्याजवळ बसून.”

आकारामनं पाठ केलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी. त्यानं या प्रकरणात मलकापूरला तीन खेपा घातल्या होत्या, एका माणसाला घरी बसवलं होतं, नवऱ्याला, सासूला, पोस्टमनला सगळं विचारलं होतं. एक गोष्ट कुणालाच विचारली नव्हती.

“ज्ञानू,” तो म्हणाला, “मास्तरांच्या पाकिटावर आकडा कुठला हुता?”

“तो कसा ध्यानात ऱ्हाईल? दिवसाला हजारो आकडे जात्यात हाताखालनं.”

७

मास्तर घरी नव्हते. अक्कांनी दार उघडलं. आकाराम चपला काढून सरळ भिंतीपाशी गेला आणि उलट्या दिनदर्शिकेवरची यादी बोटानं उतरू लागला. महाराष्ट्रातल्या गावांचे पिन कोड. जिल्ह्याचा रकाना नव्हता. दुकानदारानं जागा वाचवली होती. ‘म’ मध्ये मलकापूर एकदाच होतं, आणि त्याच्याखाली कुणीतरी शिसपेन्सिलीनं पट्टी धरून रेघ मारली होती. आकडा ४४३ नं सुरू होत होता.

आपल्याकडचे सगळे आकडे ४१ नं सुरू होतात. ४४ म्हणजे विदर्भ. हे बुलढाण्याचं मलकापूर होतं.

“अक्का, मास्तर पाकिटावर तालुका घालायचे का?”

“हे आकडे यायच्या आधी घालायचा. मग म्हणाला, सहा आकड्यांत तालुका, जिल्हा, सगळं आलं. उगीच कशाला दोनदा लिहायचं?” अक्कांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. “का रे?”

आकाराम त्या आकड्यावर बोट ठेवून उभा राहिला. त्याच्या डोक्यात आता सगळं जागेवर बसत होतं, आणि प्रत्येक गोष्ट बसताना लागत होती. गावाचं नाव मलकापूर, आकडाही मलकापूरचाच. दोन्ही जुळत असताना कुणाला शंका यावी? तिकडे ‘कुंदा पोवार, बाजार गल्ली’ सापडली नसेल. पाकिटावर पाठवणारा नाही, म्हणून परत पाठवता आलं नसेल. मग पत्ता न लागलेलं टपाल जिथं फोडून बघतात तिथं ती गेली असतील, आणि आत वर नुसतं ‘कोल्हापूर’, खाली नुसतं ‘तुझा बाबा’.

त्यानं बुलढाण्याच्या मलकापूरला आणि मुंबईच्या त्या कचेरीला चौकशीची पत्रं टाकली. बारा दिवसांनी उत्तरं आली. या नावाची सात पाकिटं मुंबईला गेली होती. पाठवणाऱ्याचा माग लागेल असं आत काही नसल्यामुळं मुदत संपल्यावर नियमाप्रमाणं नष्ट झाली होती. आठवं बुलढाण्याच्या मलकापुरातच, पोस्टाच्या जाळीच्या फळ्यावर मालकाची वाट बघत होतं. ते सोबत जोडलं होतं. पाकीट उन्हानं पिवळं पडलं होतं. अक्षर छापल्यासारखं.

दोन दिवस आकारामनं कुणालाच सांगितलं नाही. ‘माग लागला नाही’ असा शेरा मारून फाईल बंद करता आली असती. मास्तरांना एक चोर मिळाला होता, त्याच्यावर ते म्हातारपण काढू शकले असते. पण आठ पत्रांचा आरोप केरबाच्या डोक्यावर होता.

तो गेला आणि पाकीट मास्तरांपुढं ठेवून जे होतं ते सांगितलं. मास्तरांनी मधे एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर ते उठले, दिनदर्शिका खिळ्यावरून काढून खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ बघत राहिले.

“इथे एकच मलकापूर आहे,” ते म्हणाले.

“छापणाऱ्यानं एकच घातलं, सर.”

“पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही तेव्हा मी आकडा परत पाहिला होता. या पानाशीच ताडून. बरोबर होता.” त्यांनी दिनदर्शिका टेबलावर पालथी ठेवली. “एकदा जरी तालुका लिहिला असता.”

आकाराम म्हणाला, “मी पहिल्या दिवशी तुम्हाला आकडा विचारायला पाहिजे होता.”

“तरी ती आधीच गेलेली होती,” मास्तर म्हणाले. “तुझ्यामुळं फार बिघडलं नाही.”

स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभ्या होत्या. मास्तरांनी त्यांना विचारलं, “तू कार्डात का नाही लिहिलंस, की मी तिला बोलावलंय म्हणून?”

“बापलेकीच्या मधे मी कशाला पडू, म्हटलं,” अक्का म्हणाल्या. “तुझं पत्र तुझ्या शब्दांत वाचू दे तिला.”



८

मास्तरांनी त्याच दिवशी लेखी दिलं, की चूक माझी आहे, केरबाचा दोष नाही. आठ पत्रांचा आरोप निघाला. डब्यातल्या सहांचा राहिला, कारण तो खरा होता. महिन्याभरात केरबाला नोकरीतून काढल्याचा हुकूम निघाला.

आठवं पत्र नियमानं कुंदाच्या वारसाला द्यायचं होतं, म्हणजे वसंतला. मास्तर म्हणाले, मी बरोबर येतो. फेब्रुवारीच्या एका सकाळी दोघं एस.टी.नं मलकापूरला उतरले.

वसंत दारातच होता. मास्तर उंबऱ्याबाहेर थांबले. वसंत बाजूला झाला. शालूबाईंनी घोंगडं अंथरलं, तांब्या आणून ठेवला आणि म्हणाल्या, “पाणी घ्या, पावणं.”

आकारामनं पाकीट दिलं आणि झालेलं सगळं सांगितलं. वसंतनं उभ्यानंच पत्र फोडलं. ते लहान होतं.

“कुंदे, हे आठवं. राग असला तर इथे येऊन काढ. रोज दुपारी मलकापूरची गाडी लागते तेव्हा मी स्टँडवर असतो. तू कळवायची गरज नाही.”

वसंतनं कागद घडी करून पाकिटात घातला. घडी नीट बसेना. तो खाली बसला.

“ती म्हटली हुती,” तो म्हणाला, “पत्र नसू दे, तुमीच नेऊन सोडा मला. म्या म्हटलं, बापाला गरज असंल तर लिवंल की. माझं काय अडलंय त्याच्या दारात जायला?”

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं.

“हे मला कशाला आणून दिलंसा?” वसंत म्हणाला. “तुमचा राग करत हुतो, तवर दिवस तरी जात हुता.”

मास्तरांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, की तिला कुठं नेलं होतं. वसंतनं नदीच्या बाजूला हात केला. तिकडे जाऊ या का, असं कुणीच कुणाला विचारलं नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडच्या भिंतीपाशी केरबा बोरांची पाटी घेऊन बसला होता. मास्तर त्याला ओळखून थांबले, मग चालत त्याच्यापुढं गेले आणि हात जोडले. केरबा भिंतीला धरून उठू लागला.

“बस,” मास्तर म्हणाले. “मी त्या दिवशी जे बोललो ते चार लोकांत बोललो. माफीही चार लोकांत मागायला हवी होती. ते माझ्यानं झालं नाही.”

“पत्रं घावली म्हणं तुमची.”

“एक.”

“बरं झालं,” केरबा म्हणाला. त्यानं पाटीतली किडकी बोरं वेचून बाजूला टाकली. “मास्तर, तुमची मी नव्हती ठेवली. पर ती सहा मीच ठेवलीती. त्यांतलं एक वरच्या वाडीतल्या बनाबाईचं हुतं. लेकाचं. दवाखान्यात हाय, यिऊन जा, असं लिवलेलं. चौगुले साहेबांनी ते पोच केलं, ती गेली, तवर लेक गेलता.”

आकाराम दुसरीकडे बघू लागला. ती सहा पत्रं त्यानंच वाटली होती. बनाबाईचं पत्र त्यानं स्वतः तिला वाचून दाखवलं होतं.

“बाजारच्या दिशी ती खाली येती,” केरबा सांगत होता. “माझ्याकडनंच बोरं घेती. पत्र कुणी ठेवलतं तिला ठावं न्हाई. मला इचारती, केरबा, तू एवढी वर्सं टपालात हुतास. त्या कागदाला एवढा उशीर का रं लागला?”

“मग तू काय सांगतोस?” मास्तरांनी विचारलं.

“सांगतो, लांबचं हुतं, मावशे. लागतोय उशीर.”

मास्तर तिथंच उभे राहिले. केरबानं पुडीत मूठभर बोरं बांधून त्यांच्यापुढं केली. त्यांनी ती घेतली. कोल्हापूरची गाडी आली, ती रत्नागिरीहूनच भरून आली होती, आणि बांबवड्यापर्यंत दोघांनाही बसायला जागा मिळाली नाही.